अवारोआची ओहोटी

बबनने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि पोह्यांच्या बशा सारून टेबलावर पसरलं, तेव्हाच सुचेताच्या लक्षात आलं की आजचा रविवार सरळ जायचा नाही. टेबलाच्या एका टोकाला तिच्या मुलाचा, निहारचा, लॅपटॉप उघडा होता. दुसऱ्या टोकाला तिच्या भावाचं, बबनचं, हे कॅलेंडर. मधे पोहे निवत चालले होते.

रसिका, तिची लेक, न्यूझीलंडला जाऊन सहा वर्षं झाली होती. नेल्सन नावाच्या गावात ती लहान मुलांना शिकवत होती आणि दर फोनला एकच वाक्य नव्यानं म्हणत होती: "आई, तू माझं घर अजून पाहिलं नाहीस." अखेर माघात जायचं ठरलं. सुचेता, तिचे यजमान कमळाकर, निहार, सून हेमाली. आणि रसिकानं हट्टच धरला म्हणून उत्तनच्या कोळीवाड्यातला बबनमामा. ज्या माणसानं सारा जन्म समुद्रावर काढला, त्याला आता पहिल्यांदाच समुद्र ओलांडायचा होता, तोही वरून.

"किती पॉइंट झाले?" कमळाकरांनी विचारलं.

कमळाकर निसर्ग पॉइंटांत मोजत. माथेरानचे पॉइंट त्यांनी घोड्यावरून पाहिले होते, महाबळेश्वरचे टॅक्सीतून. परमेश्वरानं डोंगर घडवला तेव्हा त्याला कठडाही लावून दिला असावा, अशी त्यांची एकंदर समजूत होती.

"दक्षिणेचं बेट धरून चौदा," निहार म्हणाला. "बाबा, ऐका. हा समुद्राचा फाटा आहे, डोंगरांच्या आत शिरलेला. कड्यांवरून धबधबे थेट पाण्यात पडतात. तो बोटीतून. हे तळं, वारा नसला तर डोंगर त्यात उलटे दिसतात. ते रस्त्यावरूनच. मग आओराकी, तिकडचा सगळ्यांत उंच बर्फाचा डोंगर. त्याच्या पायथ्याच्या दरीत झुलत्या पुलांवरून वाट जाते, पार हिमनदीच्या तळ्यापर्यंत. आपण पहिल्या पुलापर्यंत जाऊन परत फिरायचं."

"परत का फिरायचं?" सुचेता म्हणाली.

"पुढच्या पॉइंटला उशीर होतो, आई."

"आणि तो झरा? रसिका म्हणाली होती तो?"

"तो आहे ना. एवढं नितळ पाणी म्हणे की तळ हाताशी आल्यासारखा वाटतो. पण हात लावायचा नाही. तिथल्या मूळच्या लोकांचं ते पवित्र पाणी आहे. झऱ्याला अर्धा तास दिलाय."

"झऱ्याला अर्धा तास दिलाय," सुचेतानं ते शब्द हलक्या आवाजात पुन्हा उच्चारले. जणू झराच काही मागायला दाराशी उभा होता आणि निहारनं त्याची बोळवण केली होती.

हेमाली स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. "मम्मी, मी थेपले किती दिवसांचे करू? तिकडे गाडीत बसूनच खायचंय ने सगळं?"

"गाडीत बसूनच," कमळाकर समाधानानं म्हणाले.

सुचेतानं या साऱ्या यादीत एकच जागा स्वतःहून मागितली होती. रसिकानं महिन्यापूर्वी एक चित्रफीत पाठवली होती. सोनेरी वाळूच्या किनाऱ्याला धरून, नेच्याच्या रानातून एक पायवाट जाते. अवारोआ नावाच्या खाडीशी ती उतरते आणि सरळ खाडीच्या तळात शिरते. पूल नाही, साकव नाही. भरती असेल तेव्हा वाट नसते. ओहोटी लागली की वाट असते. माणसं बूट हातात घेऊन ओल्या तळावरून चालत जातात आणि पलीकडच्या झाडीत शिरून दिसेनाशी होतात. तेवढंच त्या चित्रफितीत होतं. सुचेतानं ती किती वेळा पाहिली हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. पाहताना दर वेळी तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत थंड, मऊ काहीतरी वर येई.

तिची आई जिजाबाई तिला उत्तनच्या ओहोटीत खुबे-शिंपल्या वेचायला नेत असे. पाण्यानं नुकत्याच सोडलेल्या जमिनीला एक उजेड असतो. आभाळ खाली उतरून पडल्यासारखा. त्या उजेडात मायलेकी वाकून चालत. पुढं भाईंदरला नव्यानं राहायला आलेल्या एका कारकुनाशी, कमळाकरांशी, तिनं लग्न केलं, आणि पहिल्याच दिवशी तिच्या सासूबाईंनी, विमलाबाईंनी, उंबऱ्याच्या आतून शांतपणे सांगितलं, "पाय धुऊन आत ये." पाय स्वच्छ होते. नवी चप्पल होती, मेंदी होती. तरी तिनं ते धुतले. त्यानंतर कित्येक वर्षं ती माहेराहून परतली की जिन्याखालच्या नळाशी आधी थांबे. विमलाबाई गेल्या, घर बदललं, नळही राहिला नाही; सवय मात्र राहिली. आणि माहेरी गेली तरी ती ओट्यावरून समुद्र पाही. खाली उतरत नसे.

"ती अवारोआ तेवढी नको," कमळाकर चहा ढवळत म्हणाले. "मधेच पाणी आलं तर? तिथं बोट असते म्हणे. बोटीनं पलीकडे जायचं, फोटो काढायचा."

"मला बोटीनं नाही जायचं. मला चालायचंय."

"गुडघा?"

"गुडघा माझा आहे, मी बघेन."

"भावोजी," इतका वेळ कॅलेंडरवर वाकलेला बबन बोलला, "पानी कवा उतरतंय ते मी सांगतंय ना. तुमी कशाला भिताय? तांडेल बसलाय घरात!"

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. बबनची होडी आता त्याचा मुलगा उत्तम चालवत होता आणि उत्तम तांडेलाला फारसं काही विचारत नव्हता. आज मात्र बबनच्या आवाजात जुना वारा भरला होता. त्यानं माघी पौर्णिमेच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"तिथी धरायची, तिची पाऊनपट करायची, की भरतीची येळ आली. आमच्या बापाला अक्षर येत न्हवतं, पर पाऊनपट येत व्हती. पुनवेची तिथी पंधरा, म्हंजी आमच्याकडं सवाअकराला भरती, आन् संध्याकाळी सवापाचला पानी तळाला. सुकती. बिनधास उतरायचं."

"थांबा मामा," निहार सरसावला. त्याला हिशेब आवडत. "तिकडचं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास. म्हणजे आपली संध्याकाळची ओहोटी तिकडे मध्यरात्री. पण पहाटेचीही असेल ना एक?"

"हाय ना. दिसाला दोन."

"मग ती तिकडे दुपारी पाऊण वाजता. परफेक्ट! सकाळी निघायचं, दुपारी पाऊणला खाडीत उतरायचं."

"दर्या एकच हाय," बबन मागे रेलून म्हणाला. "हितं उतरला की तिथंबी उतरनारच. जाईल कुटं?"

मामा-भाचे एकमेकांकडे पाहून हसले. या घरात ते दोघे एका बाजूला असल्याचं सुचेतानं क्वचित पाहिलं होतं. बबनला निहारचं शिक्षण टोचे, निहारला मामाचा मोठा आवाज. आज पाऊणपट आणि साडेसात तास एकमेकांना टाळी देऊन बसले होते. कमळाकरांनी दोघांकडे पाहिलं, बशीत चहा ओतला, बराच वेळ फुंकर घातली.

"दोघांचं एकमत होत असेल तर मी कोण आडवा येणार? घाल, निहार. अवारोआ घाल. दुपारी पाऊण."

सुचेता उठून निवलेले पोहे परत गरम करायला घेऊन गेली. कढईपाशी उभी असताना तिला समजलं, आपण हसतो आहोत.

तेवढ्यात फोन वाजला. रसिका. हेमालीनं तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तिकडे संध्याकाळचे पाच वाजत होते, पण ऊन दुपारसारखं पिवळं होतं.

"मामा आलाय? मामा, स्वेटर घेतलास की नाही?"

"मी हिवाळ्यात बोटीवर उगडा झोपलोय, पोरी. मला स्वेटर सांगतेस!"

"आईचं काय ठरलं? बाबांनी परवानगी दिली?"

"दिली," कमळाकर म्हणाले. "बबनरावांनी वेळ काढून दिली आहे. दुपारी पाऊण वाजता."

रसिकाच्या कपाळावर बारीक आठी आली. "पाऊण? कशावरून?"

निहारनं सगळं समजावून सांगितलं. बबन मधेमधे "दर्या एकच" म्हणत होता. रसिका ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "मामा, काल पौर्णिमा होती ना? आत्ता, या मिनिटाला, उत्तनला पाणी कसं आहे?"

"चढतंय. निम्म्याच्या वर आलं आसंल. दुपारी पुरी भरती."

"म्हणजे इथंही आत्ता चढत असणार."

"आसनारच."

"थांब हं," रसिका म्हणाली आणि फोन खिडकीकडे वळवला.

तिचं घर खाडीच्या काठावर होतं. खिडकीखाली गवत होतं, गवताखाली दगडांची रांग आणि तिच्यापुढे, दूरच्या निळ्या डोंगरांपर्यंत, पाणी नव्हतं. नुसता तळ होता. राखाडी, चकाकता, नागमोडी ओहळांनी चिरलेला. त्यावर लांब चोचींचे पक्षी सावकाश फिरत होते. एक माणूस कुत्र्याला घेऊन खाडीच्या मधोमध चालला होता, आपल्याच प्रतिबिंबावर पाय देत.

सुचेताचा हात पदराशी थांबला. सगळे मामाची चूक पाहत होते. ती उजेड पाहत होती. आभाळ खाली उतरून पडलं होतं, तिथंही.

"इथं पौर्णिमेला सकाळी भरती असते, मामा," रसिकाचा आवाज मऊ होता. "अकराच्या आसपास. पाऊण वाजता अवारोआत उतरलात तर कंबरेएवढं पाणी असेल, जास्तच कदाचित. ओहोटी पाचच्या सुमाराला. वाटेवर तशी पाटीच लावलेली असते, रोजच्या वेळांची. मी तीच बघून सांगणार होते."

"पण..." निहार लॅपटॉपकडे पाहू लागला. "तास तर मी बरोबर मिळवले होते."

"घड्याळाचे तास मिळवलेस रे दादा. चंद्र घड्याळ बघून कुठं येतो? तो इथं इथल्या वेळेला येतो. आणि प्रत्येक किनाऱ्याचं पाणी त्याला आपापल्या सवडीनं ओ देतं."

बबन कॅलेंडरकडे पाहत राहिला. त्याचं बोट अजून पौर्णिमेच्या चौकोनावर होतं. ते त्यानं हळूच उचललं, जणू खाली काही चिरडलं गेलं असावं.

कमळाकरांनी घसा खाकरला. "बघा. म्हणून म्हणत होतो. पाण्याशी खेळ नको. निहार, काढ ते. बोटीनं जाऊ."

"मलाही आता तसंच वाटतं, आई," निहार म्हणाला. "चूक माझीही आहे. पण यानंतर..."

"तुजी न्हाय," बबन म्हणाला. "तू मिळवलंस, कारन मी सांगितलं. साठ वरसं पानी बगितलं ते एका गावचं." तो उठला. कॅलेंडर त्यानं नीट खिळ्याला अडकवलं. वाकडं लागलं होतं ते सरळही केलं. "निघतो सुचे. उत्तमची बोट यायची हाय."

"जेवून जा."

"न्हाय गो बाय." आणि तो गेला. फोनवर रसिका "मामा, अरे मामा" म्हणत राहिली.

दार लागल्यावर सगळ्यांत आधी बोलली ती हेमाली, आणि तेही सासऱ्यांकडे वळून. "पप्पा, पण याच्यात मम्मीची काय चूक? वेळ चुकली, तर वेळ बदला ने. जाणं कशाला बदलता?"

"तू मघाशी गाडीच्या बाजूनं होतीस," निहार म्हणाला.

"मघाशी मी थेपल्यांच्या बाजूनं होते."

सुचेता हसली नाही. ती कमळाकरांसमोर बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमचे चौदा पॉइंट मी बघेन. गाडीतून म्हणाल तर गाडीतून, कठड्याशी म्हणाल तर कठड्याशी. ती खाडी मात्र मी चालणार आहे. वेळ रसिका सांगेल, बबन सोबत असेल. तुम्ही मला नेताय म्हणून मी जात नाही. मी जाणार आहे, म्हणून सांगतेय."

"आणि मी?" कमळाकर म्हणाले.

तो प्रश्न त्यांच्या तोंडून निसटला आणि त्यांनाच ऐकू आला. ते खिडकीकडे पाहू लागले. "म्हणजे, तुम्ही बहीणभाऊ पलीकडे जाणार. मी अलीकडे गाडीत बसून काय करू? तू चालत गेलीस की... मला तिथं काही येत नाही, सुचेता. पाण्यातलं मला काहीच येत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही उत्तनच्या पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. सासुरवाडीला गेले की ओट्यावरच्या खुर्चीत बसत, बूट न काढता. सुचेता ते त्यांच्या आईच्या शिकवणीचं सोवळं समजत आली होती. ती भीती असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि भीती पाण्याची असेलच असंही आता तिला वाटेना. जिथून ही बाई आली तिथं ती परत चालू लागली, तर मागं वळून पाहील की नाही, अशी ती भीती होती.

"संध्याकाळी उत्तनला जाऊ," ती म्हणाली. "बबन रुसून गेलाय."

"मीपण?"

"चला ना."

पाच वाजता ते रिक्षातून उतरले तेव्हा पाणी बरंच मागं सरलं होतं. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील ओळीनं लटकले होते, त्यांतून ऊन तिरपं गाळून येत होतं. होड्या एका कुशीवर कलल्या होत्या. बबन आपल्या ओट्यावर नव्हता. खाली, वाळू संपून चिखल सुरू होतो तिथं, एकटा उभा होता, पाण्याकडे पाहत.

सुचेतानं वाळूच्या काठाशी चपला काढल्या, साडीचा ओचा वर खोचला आणि उतरली. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं. चिखल थंड होता; वर उतरतं ऊन, आणि खाली दुपारच्या भरतीचा समुद्र. ती थांबली नाही.

"बबन! आरं, जेवलास का न्हाय?"

बबननं वळून पाहिलं. तिच्या तोंडी ती बोली त्यानं किती वर्षांनी ऐकली असेल! "जेवलो," तो म्हणाला. मग पुन्हा पाण्याकडे वळून, "सुचे, चांद तोच हाय ना गो?"

"तोच हाय."

"मंग पोरीला सांग, आजपासून रोज बगून ठेव म्हनावं पानी. कवा भरतंय, कवा उतरतंय. एक पंधरवडा मिळाला तर तिथलीबी पाऊनपट मला बसवता येईल. पाटी काय, पाटी पुसली जाते."

"बबनराव!"

दोघांनी मागं पाहिलं. कमळाकर वाळूच्या कडेला उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या कागदासारख्या पांढऱ्या. बूट, आणि बुटांत नीट खोचलेले मोजे, हातात.

"बबनराव, टाच आधी टाकायची की चवडा?"

बबन पाहत राहिला. सकाळी त्याच्या खांद्यांवरून जे उतरलं होतं ते हळूहळू परत चढताना सुचेताला दिसलं. पण आता त्यात जुना मोठा आवाज नव्हता.

"टाच न्हाय, चवडाबी न्हाय. पाऊल सपाट ठेवा, भावोजी. आन् एका जागी उबं राहू नका. उबं राह्यलं की चिखल धरतो. काढताना टाच आदी काढायची. घाबरून वडायचं न्हाय."

"हे तिकडे चालतं? की तिथला चिखल वेगळा?"

"पाय तर तुमचेच आसनार ना तिथं!"

कमळाकर हसले आणि त्या हसण्यातच उतरले. पहिलं पाऊल रुतलं, दुसरं डगमगलं. तिसऱ्याला त्यांनी हात पुढं केला, धरायला काही नव्हतं तरी. सुचेता चार पावलं मागं आली. तिनं हात दिला नाही. फक्त त्यांच्या बाजूनं, त्यांच्या चालीनं चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर त्यांना आधारासाठी हात पुढं करावा लागेनासा झाला. डाव्या अंगाला बगळे उठले आणि पुढं जाऊन पुन्हा बसले. कोणी पॉइंट दाखवला नाही. तिघे पाण्याच्या ओल्या काठापर्यंत गेले, जरा उभे राहिले.

"उबं राहू नका," बबन म्हणाला, आणि तिघे वळले.

परतीच्या रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "अंकल, पैर तो झटक लेते! अभी सुबह सीट धुलवाया है।"

"सूख जाएगा भाई," कमळाकर म्हणाले. "सूखने के बाद अपने आप गिरता है।" हे त्यांना अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं, पण सांगताना ते जन्मभर ठाऊक असल्यासारखं वाटलं.

भाईंदरला जिना चढून ते आपल्या मजल्यावर आले. आतून लॅपटॉपवर निहारची बोटं चालल्याचा आवाज येत होता, हेमाली फोनवर रसिकाला सांगत होती, "पाच वाजता, हां, पाच लिहिलंय. पप्पांचंपण नाव लिहू का, थांब, विचारते."

कमळाकर उंबऱ्याशी थांबले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, बोटांमधे वाळत चाललेल्या करड्या रेघांकडे, आणि जुन्या घरच्या सवयीनं मागं वळले. नळ शोधत असावेत तसे, जो या घराला कधी नव्हताच.

सुचेता आत जाऊन उभी होती. तिचेही पाय तसेच होते. फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटले होते, एकामागून एक, आतपर्यंत.

"या," ती म्हणाली. "असेच आत या."